गवतातलं दार

२ ऑक्टोबर
कॉलनीच्या कमिटीने माझ्या कलाकृतीला मंजुरी दिली. गल्ली संपते तिथल्या गवताच्या गोल तुकड्यावर एक दार. नुसतं दार, चौकटीसकट. मागे घर नाही. इथे जो तो गाडीसकट गॅरेजात शिरतो आणि शटर पाडतो. मी वाढलो त्या खेड्यात माणसं हाक मारत पुढच्या दाराने आत यायची. लोक नक्की विचारात पडतील.
अध्यक्ष ग्रेचेन एवढंच म्हणाली, "एल्डन, गवत कापायला अडचण नको."
मोठ्या कामाला सुरुवातीला विरोध होतोच.

४ ऑक्टोबर
दुकानातली दारं निर्जीव वाटली. घराचंच पुढचं दार काढलं, भोकावर प्लायवूड ठोकलं. बायको, नोरीन, मार्चमध्ये तिच्या बहिणीकडे टोलेडोला गेली, तेव्हापासून त्या दाराने येतंय कोण?
जाताना म्हणाली होती, "येईन एखाद्या संध्याकाळी. पोर्चचा दिवा लागलेला दिसला तर दार वाजवीन. नाही दिसला तर काय ते समजेन. पुन्हा विचारणार नाही."
एकही संध्याकाळ दिवा चुकवलेला नाही.

९ ऑक्टोबर
दार उभं राहिलं, पण अंधारात दिसेना. पोर्चचा दिवा काढून त्यावर लावला, गाडीच्या बॅटरीवर. तात्पुरता, कलाकृती उभी आहे ते दोन आठवडे. सात महिने आली नाही ती या दोन आठवड्यांत कुठली यायला.
शेजारचा ड्वेन म्हणाला, "अरे, तुझं घर तोंड शिवल्यासारखं दिसतंय!" त्याला कलेतलं कळत नाही.

१५ ऑक्टोबर
आजवरचे प्रेक्षक: एक हरीण. दोनदा.
प्लायवूडच्या फटीतून वारा येतो. पलीकडे कोणी उभं राहून श्वास घेतंय असं वाटतं. जेवताना त्या बाजूला पाठ करत नाही. प्रार्थनेत देवाकडे एक तरी माणूस मागितला.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
देवाने ऐकलं!
माडीच्या खिडकीतून पाहिलं. चष्मा गॅरेजात राहिला होता. एक गाडी आधी माझ्या घरापुढे बराच वेळ थांबली, मग हळूहळू दिव्याकडे गेली. आखूड केसांची बाई उतरली. गवतावर पाय पुसले. दार तीनदा वाजवलं. थांबली. मग उघडलं आणि पलीकडच्या अंधाराकडे बघत राहिली. जाताना मूठ जरा वर उचलून दार लावून घेतलं. ते दार उचलूनच लागतं, हे नवख्या माणसाला कसं कळावं? चांगली कलाकृती स्वतःच शिकवते.
धावत खाली जावंसं वाटलं. पण कलाकाराने मध्ये पडू नये.
वहीत नोंद केली: प्रेक्षक, एक.

२२ ऑक्टोबर, सकाळी
दाराला किल्ली लावलेली आहे. चर्चच्या जत्रेत घेतलेला लाकडी मासा तिला अडकवलाय. नोरीनला मीच घेऊन दिला होता.

२२ ऑक्टोबर, संध्याकाळी
टोलेडोला चार वेळा फोन केला. बहीण म्हणाली, "झोपलीय." चारही वेळा.
दिवा परत घरावर लावला. प्लायवूड छान उजळून दिसतं. ड्वेनने कुंपणापलीकडून विचारलं, "हीपण कलाच का?"
हो म्हणालो.