'तांत' अल्बममधला खोकला

प्रिय दानिश,

फोन केला असता तर मध्येच काहीतरी थट्टा करून सुटलो असतो. माझी सवय तुला माहीत आहे, म्हणून लिहायला बसलोय.

परवा अकोल्यात कार्यक्रम झाला. नवा ड्रमर बरा वाजवतो, तुझ्याइतका नाही. पोरं 'तांत'मधलंच वाजवा म्हणून ओरडत होती. आठवतं, पहिल्या अल्बमची आपली गाणी वरातीतही खपली असती! अमरावती नाचली आणि मलाच त्या नाचाचा वीट आला. दुसरा अल्बम, हा 'तांत', काळाकुट्ट हवा, सूर कमी आणि खरखर जास्त, हे माझ्या डोक्यात शिरलं. तू म्हणालास, "गज्या, लोकं झोपून जातीन." तरी वाजवलंस. आता त्याच अल्बमचं कौतुक होतं आणि मला मान वर करवत नाही.

कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज रेकॉर्ड करायचा म्हणून मी त्या रविवारी बार्शीटाकळीला तुमच्या घरी गेलो. तू येणार नव्हतासच. गाद्यांचं दुकान सोडून तू ड्रम धरलेस तेव्हा कुर्बानचाचांनी बजावलं होतं, मी बोलावल्याशिवाय उंबरा चढायचा नाही. तूही बापाचाच मुलगा, दोन वर्षं अडून बसलास. मशीन आल्यापासून खुंटीला टांगलेली धनुकली त्यांनी माझ्यासाठी उतरवली. धनुकलीच्या ताणलेल्या तांतीवर ठोका दिला की रुई उडायची आणि ते खोकायचे. पुन्हा ठोका, पुन्हा खोकला. पाणी आणून द्यायचं सोडून मी तालावर पाय हलवत बसलो.

पहिल्याच गाण्यातला तो जड, ओढल्यासारखा ठोका म्हणजे चाचांचा खोकला आहे. मी तो धिमा केला. आवाज ओळखीचा वाटतो असं तू म्हणालास, तेव्हा मी धामणगावच्या जिनिंगचा आहे म्हणून ठोकून दिलं. तू त्यावर तीन दिवस ड्रम वाजवलेस.

गेल्या मंगळवारी आयशाचाचींचा फोन आला. तुमच्या धाकट्या नगमाने मोबाइलवर ते गाणं लावलं होतं. "बेटा, ये तो इनकीच खांसी है," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रविवारी त्या माहेरी होत्या, म्हणून त्यांनी विचारलं, "उस दिन दानिश का नाम लिया था क्या?" रेंज नाही असं सांगून मी फोन ठेवला.

घेतलं होतं. मी निघताना चाचा म्हणाले, "दानिशले सांगजो, मी बलावलं म्हना. आता काई बोलत नाई मी त्याले." मी हो म्हणालो. अमरावती येईपर्यंत माझा हिशेब झाला होता: तू घरी गेलास तर लवकर परतणार नाहीस, तुझे ड्रम रेकॉर्ड व्हायचे राहिलेत, ते झाले की सांगू. चौथ्या दिवशी सकाळी चाचा गेले. कब्रस्तानात तू मला बाजूला घेऊन विचारलंस, अब्बा काही बोलले का? तुझ्या डोळ्यात बघून मी नाही म्हणालो. इतकी नीच गोष्ट मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्या दिवसाचं सगळं, काहीही न कापता. शेवटी तुझं नाव येतं. चाचींना मी अजून सांगितलेलं नाही, कारण ते आधी तुझं आहे. अल्बम ठेवायचा की काढून टाकायचा, तू म्हणशील तसं करीन. माफी मागायला तोंड नाही. फक्त माझ्याकडे दिलेला निरोप चौदा महिने उशिरा पोचवतोय: दानिश, तुला अब्बांनी घरी बोलावलंय.

हा शब्द अजून चालत असेल तर, तुझाच,
गजेंद्र