शेवटच्या मशीनवरची हवा

नाना, आज गुरुवार. तुमच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी असायची, त्यामुळे आपल्या घरी रविवार नेहमी गुरुवारीच यायचा. अजूनही गुरुवार उजाडला की मला उगीच मोकळं वाटतं. आज वाटत नाही. सकाळपासून मांजलपूरच्या घरात जेवणाच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले आहे. वाघोडियाच्या एका कारखान्याला पत्र लिहायचंय, ते लिहवत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही मध्येच तोडून 'मुद्द्यावर ये' म्हणणार नाही, एवढाच त्यातल्या त्यात फायदा.

मी काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे, सुरुवात तुमच्यासमोरच झाली होती. कारखान्यांत जायचं, हवा कुठे गळते ते शोधायचं, कॉम्प्रेसर उगाच किती धावतो ते पाहायचं आणि वीज कशी वाचेल त्याचा अहवाल लिहायचा. म्हणजे तुमचंच काम. तुम्ही ते वाटीभर साबणाच्या पाण्यावर करायचात, मी कानाला हेडफोन लावून यंत्राने करते, आणि लोक मला मॅडम म्हणतात. पणजोबा संस्थानच्या पलटणीत होते हे आपल्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं जायचं. तुम्ही आयुष्यभर कॉम्प्रेसर सांभाळलात हे कुणी कुणाला सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. कॉलेजात मी 'वडील इंजिनिअरिंग लाइनमध्ये आहेत' असं मोघम सांगून मोकळी व्हायची.

एक गुरुवार मला लख्ख आठवतो. मी सातवीत असेन. तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून कारखान्यात नेता. सगळी मशीनं बंद आहेत, एकटा कॉम्प्रेसर चालू आहे, तोही तुम्ही मुद्दाम चालू ठेवलेला. बाकीचा गोंगाट नसला की गळती ऐकू येते, असं तुम्ही सांगता, आणि खरंच पाइपांच्या सांध्यांतून बारीक स्स्स आवाज येत असतो. तुम्ही दाढीचा जुना ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून सांध्यावर फिरवता, फुगे आले की मी खडूने फुली मारते. तुमची सुरुवात नेहमी उलट्या बाजूने. आधी सगळ्यात लांबच्या शेडमधलं शेवटचं मशीन, मग एकेक करत कॉम्प्रेसरपर्यंत परत. असं का, मी विचारते. 'अगं, कॉम्प्रेसरजवळ बसलेल्याला हवा मिळणारच ने. शेवटच्याला मिळते का ते बघायचं.' घरी आल्यावर तोच ब्रश तुम्ही नव्या सिलिंडरच्या नळीवर फिरवायचात आणि आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, 'आता त्यानेच दाढी करू नका म्हणजे मिळवलं.'

तुमचं ओरडणंही विसरले नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुमच्याच कारखान्यात आले होते. पाळी सुटताना सगळे कामगार हवेच्या नळीने अंगावरची धूळ उडवायचे, तसं मीही माझ्या ओढणीवर नळी धरली. सगळ्यांसमोर तुम्ही माझ्या हातातून ती हिसकावून घेतलीत. 'तुझ्या ओढणीसाठी तिकडे शेवटचं मशीन लंगडं झालं, कळतंय का?' मला रडू फुटलं होतं. आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. मग नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही तुमच्या जुन्या लोकरी मोज्यातून काढून तो पितळी गेज माझ्या हातावर ठेवलात, हवेचा दाब मोजायचा, तळहाताएवढा. 'तुझ्या यंत्राला ऐकू येत असेल. हा मात्र खोटं बोलत नाही.' त्यानंतर तुम्ही होतात तोवर, मी कामावरून घरी आले की चप्पल काढायच्या आत तुमचा प्रश्न यायचा, 'शेवटपर्यंत गेली होतीस ने?' तुमच्या त्या बडोदेकरी 'ने'ची मी नक्कल करायची आणि म्हणायची, 'गेले होते ने.'

वाघोडियाच्या या कारखान्यात मी वैशाखात गेले. दोन दिवस काम केलं. गळक्या सांध्यांची भली मोठी यादी निघाली. तिथला दाब सात किलोवर ठेवलेला होता, कारण कुठेतरी हवा कमी पडते म्हणून कुणीतरी कधीतरी वाढवला आणि मग तो कुणी उतरवलाच नाही. हे सगळीकडेच असतं. रांजणाचं भोक बुजवायचं सोडून घागरीमागून घागरी ओतत राहायचं. मी लिहिलं, आधी सांधे दुरुस्त करा, लांबच्या शेडचा जुना पाइप बदला, मग दाब थोडा थोडा उतरवत सहावर आणा. वीज वाचेल, कॉम्प्रेसरही निवांत चालेल. अहवाल चांगला होता. मॅनेजरने वाखाणला. 'मॅडम, तुम्ही तर नुसत्या आवाजावर ओळखता,' असं ते म्हणाले आणि मी फुगले, हेही सांगून टाकते.

त्यांनी काय केलं, तर दाब उतरवला. त्याला फक्त एक बटण दाबावं लागतं. सांधे आणि पाइप 'पुढच्या शटडाउनला' ठेवले. आधी कळस मग पाया. लांबच्या शेडमध्ये शेवटी एक ड्रिल मशीन आहे. भोक पाडताना लोखंडाचा तुकडा घट्ट धरून ठेवायची पकड हवेवर चालते. हवा कमी पडली की पकड सैल होते. तिथे काम करणारी बाई तीन दिवस सांगत होती, 'साहेब, हवा ढीली आवे छे.' सुपरवायझरने तिला माझ्या अहवालाचं पान दाखवलं. त्यात लिहिलं होतं की शेवटच्या मशीनपर्यंत पोचेस्तो दाब फक्त अर्ध्या किलोने उतरतो, म्हणजे हवा भरपूर आहे. चौथ्या दिवशी तुकडा पकडीतून सुटला, ड्रिलबरोबर गरकन फिरला आणि तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची हाडं मोडली.

नाना, तो अर्धा किलो मी मोजलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मधल्या शेडपर्यंत मोजत गेले होते. पुढची शेड उघड्या मैदानापलीकडे होती, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि मॅनेजरने ऑफिसात ताक मागवलं होतं. मी पाइपची लांबी विचारली, गणित केलं आणि आकडा भरला. पाइप मध्येच बारीक झालाय आणि जमिनीखालचा एक सांधा गळतोय, हे गणिताला कसं कळणार? ताक मात्र थंडगार होतं, ते अजून आठवतं.

परवा त्यांचा फोन आला. चौकशी चालू आहे. बाईने तुकडा नीट बसवला नाही, हलगर्जीपणा तिचाच, असं ठरण्याच्या बेतात आहे. तसं ठरलं तर ती बोटं बरी झाली तरी तिला परत घेणार नाहीत. माझ्याकडून त्यांना एवढंच पत्र हवंय की दाब पुरेसा होता. मॅनेजर मऊपणे म्हणाले, 'मॅडम, तमारा रिपोर्टमां तो लखेलुंज छे. जे लिहिलंय तेच परत लिहायचं.' मी 'बघते' म्हणाले. मी भित्री आहे, हे मला त्या फोनवर कळलं.

काल मी तिथे गेले. हेडफोनचं यंत्र घरी ठेवलं, मोज्यातला गेज नेला. मैदान ओलांडायला जेमतेम पाच मिनिटं लागली. त्या मशीनवर आता दुसरी बाई उभी आहे, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सगळी मशीनं चालू असताना गेज जोडला. काटा साडेतीनवर येऊन थांबला. पकडीला निदान चार लागतात. मी पुन्हा जोडला, पुन्हा साडेतीन. मग मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन म्हणाले, दाब आत्ताच्या आत्ता परत सातवर न्या, आणि तोवर हे मशीन बंद ठेवा. त्यांनी ते केलं, पण आता ते मला मॅडम म्हणत नाहीत. तिथून बोटं मोडलेल्या त्या बाईच्या घरी जायचं मनात होतं. गावाच्या फाट्यापर्यंत गेले आणि स्कूटर वळवली. काय सांगणार होते तिला? तुझं बरोबर होतं, हे तिला माझ्याआधीच माहीत आहे.

पत्रात काय लिहायचं ते मला कळतंय, नाना. पहिलं वाक्य एवढंच, की शेवटच्या मशीनवर मी दाब मोजला नव्हता, तो आकडा अंदाजाचा आहे. दुसरं, काल मोजला तो साडेतीन भरला. त्यानंतर मला वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत काम कोण देईल, मला माहीत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं लोक म्हणतील आणि ते खरंच असेल. बाईला परत घेतील की नाही, तेही माहीत नाही. मी घाबरले आहे. तरी लिहीन. दुपारची जेवणं व्हायच्या आत लिहीन, म्हणजे आजच टाकता येईल. तुमचं हे पत्र मोज्यात राहील, गेजबरोबर.

पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं, त्याशिवाय ते दुसरं पत्र लिहायला हात उचलणार नाही. ही वाघोडियाची दुपार पहिली नव्हती. तुम्ही दारात विचारायचात आणि मी 'गेले होते ने' म्हणायची, तेव्हासुद्धा दर वेळी मी गेलेली नसायची.