वेगळ्या वाट्या

मोठ्या,

कपडे न्यायला आले होते. तू झोपला होतास, उठवलं नाही. धाकट्याला दवाखान्यातून परस्पर मामाकडे नेतेय. तू मागे येऊ नकोस.

तुझ्या त्या पाण्यातल्या सरड्यांच्या, ॲक्सोलॉटलच्या टाकीतली पांढरी पडलेली अंडी काढून टाकलीत, नाहीतर बाकीच्यांनाही बुरशी धरली असती. आधी निघालेली पिल्लं कालच्या तुमच्या मारामारीत उपाशी राहिली आणि एकमेकांचे पाय कुरतडायला लागली. म्हणून तू सांगतोस तसं प्रत्येकाला वेगळ्या वाटीत ठेवलंय. पाणी रोज बदल, किडे जिवंतच घाल.

तुम्हा दोघांनाही आता तसंच ठेवायचं ठरवलंय.

त्यांचे पाय नव्याने उगवतील, तूच मला कौतुकाने दाखवलं होतंस. धाकट्याचा डोळा मात्र गेला तो गेला, असं डॉक्टर म्हणाले.

आई