शून्य पेले

३ सप्टेंबर

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूलही करत नाहीस, म्हणून हे सविस्तर पत्र. सातवीला सांख्यिकी शिकवताना यंदा मी पुस्तकातली फळवाल्याची उदाहरणं बाजूला ठेवली. त्याऐवजी एक खरीखुरी पाहणी घेतली. देशोदेशीची शाळकरी मुलं एकच प्रश्नावली भरतात, झोप किती, दप्तर किती जड, शाळेला कसे जाता, आणि ती सगळी उत्तरं कुणालाही वापरायला मिळतात. कुठल्याशा बेटावरची मुलं होडीने शाळेत जातात हे कळल्यावर मागच्या बाकावरचे झोपाळूसुद्धा ताठ बसले. मग आमच्या वर्गानेही ती प्रश्नावली भरली. आमचे आकडे आता जगाच्या आकड्यांत जातील आणि शाळेच्या प्रदर्शनातही लागतील.

त्यात एक प्रश्न होता, शाळेत दिवसभरात किती पेले पाणी पिता. बऱ्याच जणांनी शून्य लिहिलेलं. मला वाटलं, प्रश्न सोडून द्यायचा म्हणून टाकलंय. ती उत्तरं वगळून सरासरी काढली, छान तीन पेले आली, आणि फळ्यावर लिहून मी मोकळी झाले. तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी उठली. एरवी हजेरीलाही तिचा आवाज ऐकू येत नाही. म्हणाली, बाई, ते शून्य मी खरंच लिहिलंय, ते काढू नका. मग एकेक करत बहुतेक साऱ्या मुली उभ्या राहिल्या. मावशी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी प्यायलं तर जावं लागतं, आणि जायची जागा अशी की जाववत नाही, म्हणून मुली पीतच नाहीत. इतर देशांच्या उत्तरांतही शून्यं आहेत, पण इकडेतिकडे विखुरलेली. आमची सगळी मुलींच्याच रकान्यात गोळा झाली आहेत.

हा तक्ता मी प्रदर्शनात लावणार आहे. कोण अडवतं तेच बघते.

लोभ असावा, आणि रागावलीस तरी तो आटू नये.
तुझी,
भिंगरी

९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मला सगळं व्यवस्थित ऐकू येतं, तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. असो. पाहणी खात्यात मी हयात घालवली आणि माझी भाची शून्य आणि कोरी जागा एकच समजते, हे वाचून चष्मा काढून ठेवला. कोरं म्हणजे सांगितलं नाही. शून्य म्हणजे सांगितलं. नव्या कारकुनाला आम्ही हे पहिल्याच दिवशी शिकवायचो, आणि तू तर शिकवणारी.

पण आता माझं ऐक. तुझ्या कायम नेमणुकीचा कागद मोठ्या बाईंच्या सहीसाठी थांबलाय. सही अडली तर आणखी वर्षभर डोक्यावर टांगती तलवार. तेव्हा प्रदर्शनात झोपेचा तक्ता लाव, होडीचा लाव. पाण्याचं मोठ्या बाईंच्या कानावर घाल, एकटीने आणि गोड बोलून. आकडे कुठे पळून जात नाहीत. त्याआधी ती जागा मात्र स्वतः बघून ये. न बघता लिहिलेल्या अहवालावर मी कधी सही केली नाही.

दोन्ही वेळ जेवतेस ना? आशीर्वाद आहेतच, अक्कल कमी पडली तर कळव.
तुझी मावशी

२१ सप्टेंबर

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

जागा पाहून आले. खेळाच्या सामानाच्या खोलीमागे आहे. नळ कोरडा, कडी नाही, दार खालून हातभर कुजलेलं. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेरून पायाने दार दाबून धरते. मुलग्यांना भिंतीचा आडोसा पुरतो, म्हणून त्यांचे पेले भरलेले.

तू म्हणालीस तशी मोठ्या बाईंकडे एकटी गेले, गोडही बोलले. त्या म्हणाल्या की तुमची पहिली पद्धतच बरोबर होती, शून्यं वगळा, आणि मुलांनी ती चेष्टेत लिहिली असं दोन ओळींत लिहून द्या. माझीच चूक माझ्या हातात परत ठेवली बघ. मी नाही म्हटलं. मग त्यांनी हुकूम सोडला की प्रश्नावली पुन्हा भरायची, त्यांच्या समोर.

वर्गात खुर्ची टाकून बसल्या. मला वाटलं, मुली कच खातील. एकीनेही खाल्ली नाही. उलट मुलग्यांनीसुद्धा शून्य लिहिलं, झाडून सगळ्यांनी. सुट्टी झाली की मैदानातल्या नळाला तोंड लावून चिंब होऊन येणारी ही कार्टी! मला भरून आलं आणि रागही आला. मोठ्या बाई लगेच म्हणाल्या की पाहा, चेष्टाच आहे. तेव्हा मी मुलग्यांना सांगितलं की मुलींची बाजू घ्यायला खोटं कशाला लागतं, तुम्ही तुमचं खरं लिहा, म्हणजे त्यांचं दिसेल. त्यांनी माना खाली घालून खोडलं आणि खरं लिहिलं. मुलींची शून्यं होती तिथेच राहिली. ते आकडे मी त्याच दुपारी पाठवून दिले.

प्रदर्शनात मी तो तक्ता लावला, तर मोठ्या बाईंनी काढायला लावला. त्यावर मी शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली आमच्या खोलीतल्या खिळ्यावरून उचलली, वर्गात गेले आणि मुलींना सांगितलं की आता पाणी प्या. मधल्या सुट्टीत तिथे रांग लागते आणि दाराशी मी उभी असते. महिनाअखेरीला किल्ली खिळ्यावर दिसली नाही तर सही विसरा, असं मोठ्या बाईंनी बजावलंय. मावशी, मी रांग मोडू देणार नाही. तू काय म्हणशील ते ठाऊक आहे, तरी लिहिते.

बोल लाव, पण लोभ काढून घेऊ नकोस.
तुझी,
भिंगरी

२५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी काय म्हणेन ते तुला अजिबात ठाऊक नाही. आकडे पळून जात नाहीत असं मी लिहिलं, पण तोवर त्या पोरी तहानलेल्या बसणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि मुलग्यांचं खोटं तू खोडून घेतलंस हे वाचून मला तुझा फार अभिमान वाटला. आमच्या खात्यातही एवढी धमक मी क्वचित पाहिली. सही राहिली तर राहू दे. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे आणि मी स्वयंपाक बरा करते.

आता कामाचं. उद्याच किल्लीवाल्याकडे जा आणि वर्गात जितक्या मुली तितक्या किल्ल्या करून घे. मग महिनाअखेरीला मूळची किल्ली खिळ्यावर लाव, मोठ्या बाईंना ठळक दिसेल अशी.

त्या साऱ्या पोरींना आशीर्वाद, आणि उरले तर तुला.
तुझी मावशी