वाकडला आल्यापासून चर्च नाही

रविवार, ३ ऑक्टोबर २००४
आणि हे म्हणतात, "घरीच प्रार्थना करू, देव इथंही आहे." देव इथं आहे हे मला माहीत आहे. पाणी नाही, बस नाही, वाणी नाही, पण देव आहे. प्रश्न देवाचा नाही, चर्चचा आहे. फ्लॅट घेताना सुहासनं सगळं बघितलं. लिफ्ट, पार्किंग, हिंजवडीची कंपनी किती जवळ. आई-बाप रविवारी कुठं जातील ते तेवढं राहून गेलं. जुन्या चर्चला जायचं तर दोन बसा. सासूबाईंना पहिल्याच बसची पायरी चढवत नाही.

आज परत सकाळी त्या पांढरं लुगडं नेसून, गायनाचं पुस्तक मांडीवर घेऊन दाराकडं तोंड करून बसल्या. "शांते, उशीर होतोय." कानांनी पार गेल्यात, समजावणार कसं? हातवाऱ्यांनी चर्च लांब राहिलं म्हणून सांगायचं?

वर बाळाचा बाप्तिस्मा राहिलाय. सुहासचं लेकरू आता मांडी सोडून पळायला बघतंय. आमच्या जुन्या पाळकसाहेबांना फोन केला. म्हणाले, "बाप्तिस्म्याला सगळी मंडळी उभी राहून वचन देते, आम्ही ह्या बाळाला सांभाळू. तुम्ही इथं असणार नाही, मग मंडळीनं सांभाळायचं कुणाला? तिकडंच एक चर्च धरा." बोलणं गोड. पण फोन ठेवल्यावर वाटलं, आपल्याला दाराबाहेर...

रवि. १० ऑक्टो.
चिंचवडला जाऊन आलो. मराठी चर्च, पुस्तक आपलंच. बरं वाटलं. तिसऱ्या बाकावर बसलो तर एक रेशमी साडी आली. "ही आमची जागा आहे. आपण मागं बसावं." मागं बसलो. गाणं ओळखीचं, मी आवाज लावला. इथली चाल वेगळी! अख्खी ओळ मी एकटीच गात होते. ह्यांनी कोपर मारलं. सासूबाई झोपल्या.

पाळकसाहेब माणूस चांगला. म्हणाले, जुन्या चर्चचा दाखला आणा, नावं घालू, नाताळच्या आधी बाप्तिस्मे आहेत, त्यात बाळाचं करू. हे खूश. "चला, झालं काम."

बाहेर आवारात उभे राहिलो. कुणी सलाम घातला नाही. आम्ही घातला तर तोंडं अशी, जणू उसनं मागायला आलोय.
रिक्षात सूनबाई म्हणाली, "मम्मी, बाळाचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही."
मी म्हटलं, पहिल्याच दिवशी काय आरती ओवाळणार का? बोलले खरी. पण रीना खोटं बोलली नव्हती.

बुध. १३
सुहास म्हणतो त्याच्या कंपनीतली मुलं बाणेरला एका शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जातात.
"आई, एकदा ये तरी."
"मराठीत असतं?"
"थोडं हिंदी, थोडं इंग्लिश."
"का? देवाला मराठी येत नाही?"
"देवाला येतं. आमच्या टीमला येत नाही."
जीभ माझ्यावर गेली आहे कार्ट्याची.

रवि. १७
गेलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या. जीन घातलेल्या पोरी. गाणी भिंतीवर दिसतात, पुस्तकच नाही. ड्रम असा वाजत होता की माझ्या पोटातला चहा हलला. पाळक म्हणजे जोएल नावाचं टीशर्टातलं पोरगं. मी "पाळकसाहेब" म्हटलं तर मागं वळून बघायला लागला, कोण आलं म्हणून.

सासूबाईंची खुर्ची नेमकी स्पीकरच्या मोठ्या खोक्याशेजारी. म्हातारीचा जीव जाईल म्हणून मी उठवायला गेले, तर माझा हात झिडकारला. तळहात खोक्यावर ठेवून, डोळे मिटून बसल्या. शेवटपर्यंत.
घरी येताना म्हणाल्या, "शांते, आज उपासना ऐकू आली."
आमच्या चर्चात त्यांना पहिल्या बाकावर बसवून बसवून वर्षं गेली. त्या कधी म्हणाल्या नाहीत की काहीच पोचत नाही.

बाळाचं विचारलं. जोएल म्हणाला, "आंटी, लहान बाळांचा बाप्तिस्मा आम्ही करत नाही. मोठा होऊन तो स्वतः ठरवेल."
"जेवायचं की नाही तेही मोठा होऊनच ठरवणार का?"
तो हसला. मी विनोद केला नव्हता.

शनि. २३
उद्या आमच्या जुन्या चर्चला हंगामाचा सण. लग्न होऊन आल्यापासून त्या दिवशी मी रिकाम्या हातानं देवापुढं गेले नाही. चिंचवडचा सण मागेच होऊन गेला. मग न्यायचं कुठं? तरी मंडईत गेले. लाल भोपळा घेतला, चांगला मोठा, बाजरीची कणसं, दोन ऊस. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मावशी, भोपळ्याचं तिकीट काढा." म्हटलं, तो पण पासवर आहे.
हे म्हणाले, "एवढं कशाला आणलंस? आता मंडळी कुठली आपल्याला?"
म्हणूनच आणलं. हे ह्यांना कळणार नाही. मलाही नीट...

रवि. २४
सासूबाईंनी बाणेरचाच हट्ट धरला, म्हणून भोपळा तिकडं. दारातल्या पोरीनं "आंटी, सामान इथं ठेवा" म्हणून तो चपलांपाशी ठेवला. देवाची भेट चपलांपाशी! उचलला, पुढं नेला, जोएलच्या टेबलावर ठेवला. कणसं ठेवली, ऊस टेकवले. वाजवणारे थांबले.
"आंटी, ये क्या है?"
"हंगामाची भेट. देवानं दिलं, त्यातलं पहिलं त्याला."
"अच्छा. फिर?"
"फिर प्रार्थना. फिर लिलाव, पैसा चर्चला."
"लिलाव?" त्यानं माईक माझ्यापुढं धरला. मी कशाला बोलतेय? पण सासूबाईंना भोपळा दिसला. त्या उभ्या राहिल्या. बहिऱ्या माणसाला माईक लागत नाही. "देवाच्या घरचा भोपळा! बोला! कोण बोलतो?"
सुहासचे कान लाल. तरी त्यानंच पहिली बोली केली, आजीसाठी. मग एक मद्रासी पोरगा बोलला, मग गिटारवाला, आणि जो काही कालवा उडाला! सासूबाईंना बोली ऐकू येत नव्हती, त्या नुसत्या वर होणाऱ्या हातांकडं बोट करत होत्या. भोपळा मद्रासी पोराला गेला.
"आंटी, इसका बनता क्या है?"
म्हटलं, घेऊन चल घरी.
दुपारी सगळी पलटण आली. घारगे तळून तळून हात दुखला. बाळ ह्याच्या हातातून त्याच्या हातात. सगळ्यांना त्याचं नाव पाठ. "ईशान, इधर आ."
हे खोलीत पेपर वाचत होते. पाच घारगे मात्र खोलीत गेले.

गुरु. २८
चिंचवडच्या पाळकसाहेबांचा फोन. बाप्तिस्म्याची नावं येत्या रविवारी पक्की करायची. उपासनेला या, तिथंच सांगा.
हे म्हणतात, "चिंचवड. विषय संपला. त्या नाचगाण्याला मी चर्च म्हणत नाही."
सुहास म्हणतो, "आई, आजीकडं बघ. अजून काय पाहिजे?"
रीना म्हणते, "मम्मी, तुम्ही म्हणाल तिथं."
हेच मला नको होतं.

चिंचवडला मंडळी उभी राहील, म्हणेल आम्ही सांभाळू. कुठल्या बाळाला ते ठाऊक नसताना. बाणेरला कुणी उभं राहणार नाही, आणि पोरं त्याला खाली ठेवत नाहीत. वचन मोठं की कडेवर घेणं मोठं? ईशान माझ्या मांडीवर बाप्तिस्म्याशिवाय झोपतो, मला धडकी भरते. सासूबाई परत मागच्या बाकावर झोपल्या तर? त्यांचे रविवार किती उरलेत? ह्यात बरोबर काय? मी तिसरी शिकलेली. शिकलेले दोघं आहेत घरात. एक पेपरमागं, एक कॉम्प्युटरमागं.

शुक्र. २९
रिक्षावाल्याला रविवारचं सांगून ठेवलं. "कुठं जायचं?" म्हणाला. म्हटलं, तू ये तर खरा.
देवा, मी तुला कधी घाई केली नाही. केली असेल, पण अशी नाही. फाटकातून डावीकडं चिंचवड, उजवीकडं बाणेर. उद्या दिवेलागणीपर्यंत मला उत्तर पाहिजे. ह्या दोघांच्या तोंडून दे, म्हातारीच्या दे, नाही तर थेट मला दे. मोघम नको. रविवारी सासूबाई पांढरं लुगडं नेसून रिक्षात बसतील, आणि रिक्षावाला मागं वळून मलाच विचारील.