दोर पुढे नेण्याआधी: रंभा ज्योतीराम साकोरे यांचे मृत्युपत्र

मी, श्रीमती रंभा ज्योतीराम साकोरे, वय ४६ वर्षे, व्यवसाय नोकरी (चाकण येथील गाड्यांचे भाग जोडणाऱ्या कंपनीत, तपासणी विभाग), राहणार थेरगाव, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरात, दुपारचे जेवण झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. गल्लीतल्या काही जणांचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही.

मला आजार नाही. येत्या रविवारी तैलबैल्याच्या कातळभिंतीवर मी दोरात पहिली असणार आहे. आजवर नेहमी दुसरी चढले, म्हणजे वरून मला कोणीतरी धरून असायचे. पहिलीला वरून धरणारे कोणी नसते. दोर तिनेच वर न्यायचा असतो, आणि ती पडली तर बरीच खाली येते. म्हणून आधी कागद, मग कातळ.

हे मी स्वखुशीने लिहीत आहे. या शब्दाबद्दल माझे काही म्हणणे आहे, ते कलम ३ मध्ये येईल.

कलम १. थेरगाव येथील दोन गुंठे जागा व त्यावरील तीन खोल्या माझे पती कै. ज्योतीराम यांना भावाभावांच्या वाटणीत मिळाल्या. २०१२ साली कंपनीच्या बसमधून उतरून रस्ता ओलांडताना ते गेले. आमची मुलगी तनुजा तेव्हा आठ वर्षांची होती. त्यांच्यामागे वारस आम्ही दोघीच. घराचा अर्धा हिस्सा तनुजाचा आहेच. तो मी देत नाही, तिच्या वडिलांनी दिला. माझा अर्धा हिस्सा माझ्यामागे तिलाच मिळावा. तिने लग्न केले तरी, न केले तरी, परगावी गेली तरी. बँकेत व कंपनीच्या फंडात तिचे नाव लावलेलेच आहे.

ज्योतीरामांचे मनगटी घड्याळ तनुजाने घ्यावे. ते सव्वाआठला थांबले आहे. दुरुस्त करून घ्यावे. मला बारा वर्षांत ते जमले नाही.

कलम २. चढाईचे सामान: शिरस्त्राण, कमरेचा पट्टा, कड्या, बूट. हे सर्व शौकत मुलाणी यांच्या रविवारच्या गटाला द्यावे. शौकतभाईंचे डांगे चौकाजवळ गॅरेज आहे. त्यांची बहीण शिफा आमच्या लाईनवर माझ्या शेजारी उभी असते. २०१७ साली तिनेच मला ओढत नेले. नवरा गेल्यापासून मी पाच वर्षे घर, बस आणि कंपनी एवढेच पाहिले होते.

पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस फुटांवर मी अडकले. वर जाता येईना, खाली येता येईना. मी रडू लागले. खालून शौकतभाई म्हणाले, "रंभाताई, हात सोडा."

"पडेन ना!"

"पडायचं ठरवलंत तरी पडणार नाही. दोर वरच्या कडीतून फिरून माझ्याकडे आहे. एकदा सोडून तर बघा."

मी सोडला. हातभर खाली आले आणि लोंबकळत राहिले. मग मला हसू फुटले. शिफा सांगते, मी इतक्या मोठ्याने हसले की माकडे पळाली. त्यानंतर मी तो कातळ तासाभरात चढले.

माझा दोर मात्र कोणाला देऊ नये. दोराचे वय दिसत नाही. त्याचे तुकडे करून कपडे वाळत घालायला वापरावेत.

गल्लीत काय बोलले गेले तेही नोंदवते, कारण तनुजाने ते दाराआडून ऐकले आहे. "नवरा गेला आणि हिला पंख फुटले." "पँट घालून जाते म्हणे, तीही परक्या पुरुषांबरोबर." "पोरगी वयात येतेय, आईला काही वाटतं का?" बोलणाऱ्यांची नावेही इथे लिहिली होती. त्यांतल्या दोघी गेल्या वर्षी माझ्याबरोबर लोहगडला आल्या, म्हणून सगळी खोडली आहेत.

कलम ३. माझे थोरले दीर अर्जुनराव यांनी २०१८ साली घरातल्या माझ्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र स्वतःच्या नावे तयार करून आणले. आमच्या गावकीत बाईने सही करायची आणि पेढा खायचा, अशीच रीत आहे. माझ्या सासूबाईंनी केली, नणंदांनी केली. वहिनी, घर कुठं पळून चाललंय, आपलंच हाय, असे म्हणत ते मला नोंदणीच्या कार्यालयात घेऊन गेले.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचे वाचन मी तनुजाच्या पुस्तकांवर आणि कंपनीतल्या सूचनाफलकांवर शिकले. मी कागद वाचायला घेतला. लिहिणारा म्हणाला, "मावशी, वाचायचं नाही, खाली फक्त सही." मी म्हटले, वाचते. दीड पान वाचायला अर्धा तास लागला. मागे रांग ओरडत होती. त्यात लिहिले होते: "मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय."

मी अर्जुनरावांना विचारले, "भाऊजी, यातली खुशी कुणाची?"

ते म्हणाले, "ती तशी लिहायचीच असती."

मी पेन टेबलावर ठेवले आणि चालत घरी आले. आदल्याच वर्षी कातळावर मी हात सोडून पाहिला होता. या खेपेला धरून ठेवला, एवढाच फरक.

कलम ४. अर्जुनराव यांना मी काहीही देत नाही. याचे कारण राग नाही. पुढचे वाचावे.

२०२१ साली मी तैलबैला दुसरी म्हणून चढले. मी निघाल्याची खबर लागताच ते मला परत आणायला गाडी घेऊन पायथ्याला आले. तोवर मी भिंतीच्या मध्यावर होते. ते मान वर करून सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत उभे होते. शौकतभाईंच्या माणसाने दिलेला चहा हातातच गार झाला. ते घाबरले होते. मी दोरावरून खाली येऊ लागले तेव्हा त्यांचा आवाज वरपर्यंत आला, "वहिनी, हळू! दगड हलतोय त्यो!" आणि जमलेल्या गावकऱ्यांना सांगत होते, "आमच्या ज्योतीरामची बायको हाय. साकोऱ्यांची सून."

परत येताना त्यांनी मला गाडीत पुढे बसवले. डांगे चौकाच्या सिग्नलला म्हणाले, "येवढं चढता, मग येक सही का करत न्हाई?"

मी म्हटले, "चढते म्हणूनच करत नाही."

ते हसले. मग मीही.

कलम ५. माझी पुस्तके कंपनीच्या कँटीनमधल्या कपाटात ठेवावीत. परत आली नाहीत तरी चालेल, पाने दुमडू नयेत. माझी रक्षा डोंगरावर नेऊ नये. तिथल्या टाक्याचे पाणी लोक पितात. ज्योतीरामांची सोडली तिथेच, देहूला, सोडावी. कपाळाला कुंकू लावून मला नेणार असाल तर ते कोणी लावायचे यावर भांडू नये. तनुजा लावील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिफा मुलाणी हिने करावी. तिला घाई करू नये. ती प्रत्येक नट दोनदा पाहते.

कलम ६. साक्षीदारांविषयी. आमच्या कंपनीत नट आवळणारा त्यावर पांढरी खूण करतो. तपासणारा वेगळा असतो, तो पिवळी करतो. पिवळ्या खुणेशिवाय माल दाराबाहेर जात नाही. दोरावरही तसेच: माझी गाठ मी बांधते, तपासतो दुसरा. मला कंपनीतल्या पंधरा वर्षांत कळले आहे की मित्र घाईत तपासतो. चूक सापडली तर ज्याचा फायदा, तो नीट पाहतो.

मी रविवारी पडले, तर "ही सही रंभाची न्हाईच" असे म्हणू शकेल असा माणूस एकच आहे, आणि मग तनुजाला एकटीने कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. म्हणून एक साक्ष शौकतभाईंची, आणि दुसऱ्या साक्षीला मी अर्जुनराव यांनाच बोलावले आहे. भाऊजी, आधी सगळे वाचा. कितीही वेळ लागू द्या, मागे रांग नाही. तुमच्यासमोर मी सही करीन. नंतर तुमची करायची की नाही, ते तुमच्या खुशीवर. नाही केलीत तरी चहा घेऊन जा. मी शेजारच्या भाग्यश्रीताईंना हाक मारीन, आणि रविवारी जायची ती जाईनच.

ठिकाण: थेरगाव
दिनांक: १२ जानेवारी २०२५

सही: रंभा ज्योतीराम साकोरे

साक्षीदार

१) शौकत मुलाणी, गॅरेज व्यवसाय, थेरगाव. रंभाताईंनी माझ्यासमोर सही केली. मी केली ती त्यांच्यासमोर.
सही: शौकत मुलाणी

२) अर्जुनराव कोंडीराम साकोरे, वय ६३, थेरगाव. समदं वाचलं. चष्मा जुना झालाय म्हणून दोनदा वाचलं. वहिनीनं सही माझ्यासमोर केली, ती त्यांचीच हाय, आणि कुणी न्हाई म्हणलं तर माझ्याकडं पाठवा. कलम ४ मध्ये मी घाबरलो व्हतो असं लिहिलंय. ते खरं हाय, पर लिहायची गरज नव्हती. बाकी चूक सापडली न्हाई. रविवारी गाडी मी काढतो. पाचला तयार राहा.
सही: अ. कों. साकोरे