पाएयात चोरिसो

३ मार्च, सोमवार
संताप! योस्ट आज पुन्हा माझ्या खानावळीत आला. पाच डच सायकलवाले, पाचांत दोन कॉफ्या, वर बाटल्या फुकट भरून हव्यात. निघताना मला म्हणतो, तुझ्या पाएयात चोरिसो घाल, टुरिस्ट रांग लावतील. माझ्या आईच्या भातात सॉसेज! पाएयाच्या जन्मभूमीत, वालेन्सियाच्या किनाऱ्यावर उभं राहून! मी भडकलो. म्हटलं, तीस तारखेच्या सायकल शर्यतीत डोंगरावरच्या चर्चपर्यंत माझ्या आधी पोच, मग घालतो. अख्ख्या गावासमोर, माझ्या हाताने.
तो एकाहत्तर वर्षांचा. मी त्रेपन्न. निकाल लागल्यातच जमा.
बायको, एम्पार, म्हणाली, आधी खाली न बसता बुटाची लेस बांधून दाखव.

४ मार्च, सकाळी ७
निर्धार. रोज चढण. दहाची न्याहारी बंद. कायमची.

४ मार्च, सकाळी १०.३०
चढणीवर शिमोचा बार. त्याने हाक मारली. दहा वाजले की आमच्याकडे गवंडीसुद्धा थापी ठेवतो. खारे दाणे, ऑलिव्ह, हातभर पाव, शेवटी रम पेटवून केलेली कॉफी. ही रीत मोडली तर आपल्यात आणि डच लोकांत फरक काय? उद्यापासून बंद.

११ मार्च
सायकल चढत नाही. दुकानदाराने सदोष गिअर गळ्यात मारलेत. शिमो म्हणाला, गिअर धड आहेत, वरचा माल जड आहे. त्याच्याशी अबोला. (न्याहारी तिथेच. पण अबोल्यात.)

१९ मार्च
सण. भोपळ्याचे घारगे. सणाच्या दिवशी नाही म्हणू नये. योस्ट सरसर वर जाताना दिसला. हात हलवला. उर्मट!

२९ मार्च
एम्पारने विचारलं, चोरिसो आणून ठेवू का. घरातच फितुरी! आईच्या फोटोला म्हटलं, तू काळजी करू नकोस.

३० मार्च, दुपारी
मी हरलो नाही. स्पष्ट लिहून ठेवतो. योस्टचं चाक पंक्चर झालं (देव आहे!) आणि अर्ध्या चढणीला मी चक्क पुढे होतो. तेवढ्यात शिमोच्या बारसमोर दहाचे ठोके पडले. गावातले आम्ही सगळेच उतरलो. सायकली भिंतीला टेकवल्या, बसलो. योस्ट समोरून गेला तेव्हासुद्धा उठता आलं असतं. पण कॉफीतली रम नुकतीच पेटली होती. जळती कॉफी टाकून कोणी उठतं का?
ही शर्यत दहाच्या सुमारास ठेवणाऱ्याला फासावर द्या.

६ एप्रिल, रविवार
दिलेला शब्द. आईचा फोटो भिंतीकडे फिरवला आणि चोरिसो टाकला. गाव मयताला जमावं तसं जमलं. माझ्या मामांनी टोपी काढली, क्रूसाची खूण केली, एक घास खाल्ला आणि ताटली सरकवली. सगळ्यांनीच सरकवली. योस्टही म्हणाला, छे, तुझ्या आईचाच भात बरा. म्हणजे जिंकलो मीच! आई, ऐकलंस?

त्याच दिवशी, संध्याकाळी
भांडं भरलेलंच राहिलं होतं. बाटग्या भाताचा पुरावा घरात नको. म्हणून मीच संपवला. खरवडसुद्धा, चमच्याने खरडून. मागे एम्पार उभी होती, हाताची घडी घालून. तिने विचारलं, पुढच्या रविवारी करू का?
म्हटलं, कर. आधी फोटो तेवढा फिरव.